कोकिळा सिस्टरची हळद

कोकिळा सिस्टरचं नाव ज्यानं ठेवलं, त्यानं तिला रागावलेलं ऐकलं नसणार. दारव्हा तालुक्यातल्या तिच्या दवाखान्यात रोगी इंजेक्शनपेक्षा तिच्या आवाजाला जास्त भीत. पण खरा राग आला की ती बोलत नसे. तो मुरत घालायची, लोणच्यासारखा.

त्या साली असा एक राग मुरला. कपाशीवर फवारणी करताना विष चढलेल्या माणसांनी वॉर्ड भरले होते. त्याच गर्दीत कोकिळाची भावजय उर्वशी बाळंत झाली, सिझेरियननं, आणि तिचे टाके पिकले. वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर विमलताई हात न धुता या खाटेवरून त्या खाटेवर जात, हे कोकिळा रोज पाहत होती. तिनं तसं म्हटलं, तर विमलताई सगळ्यांसमोर बोलल्या, "वावरातली माणसं भेटाले येतात, फवारणीचे हात घेऊन. तुह्या भावालेच विचार."

कोकिळा गप्प बसली. विमलताईंनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पहिल्या खाटेवरच्या सुखीबाईच्या मनगटाला, नाडीच्या जागी, तेलात कालवलेली हळद चोपडली.

"ह्या वयात मले हळद लावून राह्यली का पोरी?" म्हातारी म्हणाली. "नवरदेव तरी दाखव."

"नवरदेव नाही, वरमाय येऊन राह्यली. तुमी फक्त हात समोर करा."

विमलताईंनी सुखीबाईची नाडी पाहिली. मग शेजारणीचं कपाळ चाचपलं, पुढच्या खाटेची चादर ओढली, एका बाळाचा गाल कुरवाळला, स्वतःचा घामही पुसला. बेसिन वाटेतच होतं; त्याला त्यांनी ओळखसुद्धा दाखवली नाही. डॉक्टर राउंडला आले तोवर अख्ख्या वॉर्डाचं लग्नघर झालं होतं.

विमलताई उर्वशीच्या पट्टीला हात घालणार, तोच कोकिळानं त्यांचं मनगट धरलं आणि डॉक्टरांसमोर उंच केलं.

"सर, ही हळद सुखीबाईच्या मनगटावरची आहे. माह्या भावाचे हात वावरात आहेत."

"नातवंडं झाल्यावर ताईचे हात पिवळे झाले," सुखीबाई म्हणाली आणि वॉर्ड खदखदून हसला. डॉक्टरांनी आपले हात गुपचूप एप्रनच्या खिशात घातले.

विमलताईंचे डोळे भरून आले. "चुकलं वं पोरी," म्हणत त्या उर्वशीचा हात धरायला वाकल्या. कोकिळा मध्ये उभी राहिली.

"पहिले हात धुऊन या. माफी मंग."

त्या धुऊन आल्या. कोकिळानं बोटं उलटीसुलटी करून पाहिली.

"नखात पिवळं हाय अजून," ती म्हणाली, आणि त्यांना पुन्हा बेसिनकडे पाठवलं.