आमच्या ॲम्प्लिफायरचा ‘हम’

जळगावात मे महिन्यात ज्या वस्तू विकत घेऊ नयेत, त्यांत व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा नंबर फार वरचा लागतो. मी तो मे महिन्यातच घेतला.

व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे दिवे. ते तापून लालसर झाल्याशिवाय हा ॲम्प्लिफायर तोंड उघडत नाही. आमच्या हॉलमध्ये तो पहिल्यांदा तापला तेव्हा बाहेर रस्त्यावरचं डांबर पातळ झालेलं होतं. बायको, सुनंदा, पदराने वारा घेत म्हणाली, “गाणं म्हणणारं यंत्र आणलंय की शेगडी?”

“याच्यावर आवाज जिवंत होतो,” मी म्हणालो. (हे वाक्य कंपनीच्या जाहिरातीतलं होतं. तेव्हा मला ते माझंच वाटत होतं.)

पण घेण्यामागे कारण होतं, आणि ते चेष्टेचं नव्हतं. माझे सासरे, आबा, शिरपूरला राहतात. त्यांची पंच्याहत्तरी जूनमध्ये होती. माझ्या सासूबाई, म्हणजे सगळ्यांच्या अक्का, जाऊन काही वर्षं झाली होती. त्यांनी म्हटलेल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गाण्यांची एक जुनी कॅसेट मेव्हण्याला, राजूला, ट्रंकेत सापडली. कॅसेट वाजवायला घरात काही उरलं नव्हतं, म्हणून त्याने ती धुळ्याहून पेन ड्राइव्हवर उतरवून आणली आणि मला पाठवली. आबांना ती मोबाइलच्या चिरक्या आवाजात ऐकवायची नाही, पंच्याहत्तरीला अक्का समोर बसून गातायत असं वाटलं पाहिजे, असा मी निश्चय केला. निश्चय माझा होता. दमछाक सगळ्यांची झाली.

यंत्र जोडलं, पेन ड्राइव्ह लावला, बटण दाबलं. आणि अक्कांच्या आधी आवाज आला, “घूंऽऽऽऽ”

मी ताबडतोब बंद केलं. पुन्हा लावलं. “घूंऽऽऽऽ”

“ऐकलंस?” मी सुनंदाला विचारलं.

“काय?”

“हा आवाज!”

“मला तर नेहमीसारखंच वाटतंय बा,” ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली. सुनंदाला संगीताचा कान नाही, असं मी त्या दिवशी मनाशी ठरवून टाकलं.

कंपनी दक्षिणेतली. ग्राहकसेवेला फोन केला तर आनंदन नावाचा अत्यंत सभ्य गृहस्थ बोलायला लागला. त्याची हिंदी त्याच्या गावची, माझी जळगावची. या घूं-घूं आवाजाला त्यांच्या धंद्यात ‘हम’ म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं.

“सर, हम आ रहा है क्या?” त्याने विचारलं.

“आ रहे हैं तो बहुत अच्छा! पत्ता लिख लीजिए,” मी म्हणालो.

“नहीं सर. आपके घर में हम आ रहा है क्या?”

“अरे भाई, आप कब आ रहे हैं ये मैं कैसे बताऊं?”

हा संवाद बराच चालला. मी सुनंदाला पाहुण्याचा स्वयंपाक करायला सांगितला, तिने भरताची वांगी भाजायला ठेवली, तेव्हा कुठे उलगडा झाला. वांगी आम्हीच खाल्ली.

मग आनंदनने प्रश्न विचारायला सुरुवात केली. (त्याची हिंदी यापुढे बहुतेक मराठीतच सांगतो.) हम उजव्या बाजूने येतो की डाव्या? दोन्ही. जवळ फ्रिज आहे का? आहे. फ्रिज बंद करून पाहा. पाहिलं. हम तसाच, फक्त दूध नासलं. गाणं न लावता नुसतं यंत्र सुरू करून ऐकलंत का?

“मी हे गाणं ऐकायला घेतलंय, गाणं न लावता ऐकायला नाही!” मी बाणेदारपणे म्हणालो. या उत्तराचा मला पुढे दोन-तीन दिवस अभिमान वाटत होता.

आनंदनने व्हिडिओ मागवला. मी कूलर बंद केला, खिडक्या लावल्या आणि घामाने निथळत मोबाइलवर चित्रण करून पाठवलं. उत्तर आलं ते काळजी वाढवणारं होतं.

“सर, हम तर आहेच. पण मध्येच मोठी शिट्टी ऐकू येते. ती कोणत्या व्हॉल्व्हमधून येते?”

“ती कुकरची आहे.”

“आणि एक बाई काहीतरी रागाने बोलतात. त्या रेकॉर्डिंगमधल्या आहेत का?”

“ती माझी बायको आहे. ‘अजून किती वेळ चालणार हे,’ म्हणतेय.”

“त्यांचा आवाज फार स्वच्छ येतो, सर,” आनंदन म्हणाला. हे मी घरात सांगितलं नाही.

मग त्याने निदान केलं : तुमचं अर्थिंग कोरडं पडलं असणार. अंगणात जिथे अर्थिंगची तार जमिनीत गेली आहे तिथे मिठाचं पाणी ओता. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी येतं तेव्हा सगळी गल्ली बादल्या घेऊन उभी असते. त्या गल्लीच्या डोळ्यांदेखत मी मातीत पाणी ओतू लागलो. शेजारच्या पाटीलकाकू कुंपणावरून बघत होत्या.

“काय लावलंय भाऊ तिथे?”

“अर्थिंग आहे, काकू.”

“असं का! याला कधी येतं मग?”

“काय?”

“फळ!”

अर्थिंगला काही आलं नाही. त्याच्या शेजारी सुनंदाचा कढीपत्ता होता, तो मात्र मिठाने गेला. आमच्या पोह्यांत त्यानंतर बरेच दिवस कढीपत्ता नव्हता आणि बोलण्यात गोडवा नव्हता.

कंपनीने नवे व्हॉल्व्ह पाठवले. हम कायम. ट्रान्सफॉर्मर बदलला. हम कायम. तोवर आमची पद्धत ठरून गेली होती. मी गाणं लावायचो, ‘घूं’ आलं की कपाळाला आठी घालून बंद करायचो, आनंदनला फोन करायचो. आनंदन मला आवाजावरून ओळखू लागला. “नमस्ते सर, हम आया?” एवढंच विचारायचा. एकदा तर माझा फोन लागला नाही म्हणून त्यानेच केला. त्याला म्हणे चैन पडत नव्हतं.

पंच्याहत्तरी अगदी तोंडावर आली तेव्हा कंपनीने हार मानली आणि एक काळी डबी पाठवून दिली. “सर, ही मध्ये जोडा. घूं गाळून टाकेल.” जोडली. बटण दाबलं. शांतता! नंतर त्या शांततेतून अक्कांचा खणखणीत आवाज आला. मी सुनंदाला हाक मारली. ती आली, दारातच उभी राहिली, डोळ्यांना पदर लावला. एक ओळ ऐकली आणि म्हणाली, “आईच आहे. पण काहीतरी कमी वाटतंय हो.”

“कमी नाही, शुद्ध झालंय,” मी समजावलं.

व्हॉल्व्ह काढून कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवले आणि चोपड्यामार्गे शिरपूरला निघालो. रस्त्याला जिथे खड्डा नव्हता तिथे गतिरोधक होता. सुनंदाने डबा मांडीवर घेतला होता, आणि प्रत्येक दणक्याला मी “व्हॉल्व्ह!” असं ओरडत होतो. शेवटी ती म्हणाली, “माझ्या दोन्ही बाळंतपणांत कधी एवढं ओरडला नाहीत.”

संध्याकाळी आबांच्या अंगणात सगळं गणगोत जमलं. आबांना मधल्या खुर्चीवर बसवलं. लाल झालेले व्हॉल्व्ह पाहून त्यांनी अहिराणीत विचारलं, “हाई काय शे, जवाईबुवा?”

“ऐका तर खरं, आबा,” मी म्हणालो. त्याआधी मी व्हॉल्व्हविषयी छोटंसं भाषण केलं. (छोटंसं हे माझं मत. राजूने दोनदा घड्याळ पाहिलं.) मग बटण दाबलं.

अक्का गाऊ लागल्या. आबांनी डोळे मिटले. एक कडवं झालं, दुसरं झालं. मग त्यांच्या कपाळावर आठी आली. डोळे उघडून ते इकडेतिकडे पाहू लागले.

“आवाज तिनाच शे,” ते म्हणाले. “पण गिरणी कथी गयी?”

“कुठे गेली म्हणजे? कुठली गिरणी, आबा?”

“आपली! पीठनी गिरणी. मी गिरणी चालाडू अन् ती मांगे बशीसन गाये. गिरणीना आवाज कोन्ही काढी टाका?”

सगळं गणगोत माझ्याकडे बघू लागलं. माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता, आणि तो व्हॉल्व्हचा नव्हता. पूर्वी आबांची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या मागच्या खोलीत बसून अक्का गायच्या आणि तिथेच राजूने लहानपणी ती कॅसेट भरली होती. यंत्रात काहीच बिघाड नव्हता. ते घूं गाण्यातच होतं! मी महिनाभर कंपनीला सासऱ्यांची गिरणी बंद करायला सांगत होतो.

“तुला ठाऊक होतं?” मी सुनंदाच्या कानाशी पुटपुटलो.

“मी त्या आवाजातच लहानाची मोठी झाले. मला तो वेगळा ऐकूच येत नाही,” ती म्हणाली. “आणि तुम्ही गाणं सुरू होऊ दिलंत कधी? घूं आलं की बंद! आई तोंड उघडायच्या आत तुम्ही आनंदनला फोन लावायचात.”

मी उठलो, यंत्राच्या मागे गेलो आणि सगळ्यांसमोर ती काळी डबी काढून टाकली. पुन्हा बटण दाबलं. “घूंऽऽऽऽ” झालं, आणि त्याच्या आतून अक्कांचा आवाज वर आला. आबांचा हात आपोआप खुर्चीच्या दांड्यावर फिरायला लागला, धान्य सारल्यासारखा.

“आते बरं,” ते म्हणाले. राजूसुद्धा घड्याळ पाहायचं विसरला. खरं सांगायचं तर आवाज जिवंत झाला होता, फक्त दोघांचा एकदम झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे चहा घेत असताना आनंदनचा फोन आला.

“नमस्ते सर! हम गया?”

“गेला होता,” मी म्हणालो. “परत आणला.”

“म्हणजे डबी बिघडली का, सर? नवी पाठवू?”

“नको, डबी उत्तम आहे. काढून ठेवलीय. हम पाहिजेच आहे. माझ्या सासऱ्यांना फार आवडतो. तो हम नाहीच, पिठाची गिरणी आहे. उलट तो थोडा वाढवता आला तर बघा.”

मग आनंदन अतिशय मऊ आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, “सर, घरात दुसरं कोणी मोठं माणूस आहे का? मला त्यांच्याशी जरा बोलायचं होतं.”

मी मुकाट्याने फोन सुनंदाकडे दिला.