मान्सकदादानं न हलवलेली कबर

दक्षिण कोरियातल्या आमच्या गावामागची टेकडी अमेरिकन पलटणीनं तोफांच्या सरावाला घेतली. गावातल्या बहुतेकांची माणसं तिथंच पुरलेली. कचेरीतला माणूस भोंगा घेऊन आला आणि कबरी हलवा म्हणून ओरडून गेला. वसंतात, कबरींची डागडुजी करायच्या दिवसांत, आम्ही आपापल्या माणसांची हाडं उकरली, कापडात बांधली आणि इम्जिन नदीच्या काठी नेऊन पुरली.

छपरं शाकारणाऱ्या प्यो मान्सकनं मात्र कुदळीला हात लावला नाही. त्याची बायको युद्धातल्या हिवाळ्यात तापानं गेली होती. तिला टेकडीवर पुरायला गोठलेली जमीन त्यानं एकट्यानं फोडली होती.

"चिनी फौजा उत्तर कोरियातून मायदेशी परत निघाल्यात," दारूच्या दुकानात तो मला म्हणाला. "रेडिओनंच सांगितलं. आता हे अमेरिकन तरी कशाला राहतील?"

"युद्धानंतर जिनिव्हात फौजा काढायची बोलणी चालली होती तेव्हाही तू हेच म्हणालास, दादा. आधी तुम्ही निघा, नाही, आधी तुम्ही, असं करत सगळे जेवूनखाऊन घरी गेले. फौजा इथंच!"

"तेव्हा कोणीच हललं नव्हतं. आता यांना राहायला तोंड आहे का?"

"तोंड कशाला लागतंय? तोफा आहेत की!"

दुकानदारीण खेकसली, "हळू बोला रे मेल्यांनो! पोलीस मलाही नेतील."

मान्सकची मुलगी कुम्न्यो रोज त्याच्या मागं लागायची. "बाबा, उद्या जाऊ या ना. मी खणते."

"तुझ्या आईला एकदा घाईघाईत पुरलं. आता घाईघाईत उपसू? हे पलटणवाले जाऊ देत. मग नीट बघू."

उन्हाळाभर उत्तरेतले चिनी जात राहिले. आमच्या रस्त्यानंही ट्रक आले, पण मागं आणखी लांब नळ्यांच्या तोफा ओढत. त्या डागल्या की भांडी फडताळात खडखडायची.

शरदातल्या पुनवेच्या सणाला पहारेकऱ्यांनी सकाळपुरतं टेकडीवर सोडलं. कुम्न्योनं तांदळाचे उंडे आणि नासपती घेतली होती. मी दारूचा घडा घेऊन मागं होतो. कबरीच्या जागी तोफगोळ्याचा खड्डा होता. त्यात पाणी साचलेलं.

मान्सक खड्ड्यात उतरला आणि हातांनी चिखल चाचपू लागला. हाडाचा एक तुकडा सापडला. त्यानं तो माझ्यापुढं धरला.

"हा तिचाच ना रे?"

शेजारी वाली न उरलेल्या, कोणी न हलवलेल्या जुन्या कबरीही फुटल्या होत्या. खालून पहारेकऱ्याची शिट्टी वाजली.

"बाबा, चला," कुम्न्यो म्हणाली. तिनं कापडात बांधून आणलेले उंडे बाहेर काढून ठेवले आणि त्याच कापडात तो तुकडा अन् ओंजळभर माती बांधली. नदीकाठी आम्ही तिच्या आईची कबर रचली.

पुढच्या वसंतात कुम्न्यो तिथं वाकून नमस्कार करत होती. मान्सक पाठ फिरवून उभा.

"बाबा, आईला नमस्कार करा."

"इथं कोणी नाही," तो म्हणाला आणि कामावर निघून गेला. तो पुन्हा तिकडं कधी आला नाही. दरवर्षी तिथलं गवत कुम्न्यो एकटीच कापते.