साखराबाईची खुर्ची

बीडच्या बसस्टँडमागं दोन खोल्यांत समतेचं काम करणाऱ्या पुण्याच्या संस्थेची शाखा निघाली, तेव्हा गहिनीनाथसकट चार माणसं होती. पुढं दोन वर्षं पाऊस रुसला, पण संस्था अशी फोफावली की सोळा सालच्या उन्हाळ्यात माणसं साठ झाली. खोल्या दोनच. चहा आणणारा आमच्या गल्लीतला गहिनीनाथ समन्वयक झाला, पण कच्चा. तिसरी मुदतवाढ चालू होती. कुणी विचारायच्या आत तोच बायकोचं नाव घेऊन सांगायचा, "सत्यभामेनंबी मला घरात अजून कायम केलं न्हाई."

कायम व्हायचं तर एक काम पार पाडायचं होतं. नेकनूरकडच्या एका वाडीत त्यानं बायकांची चारा सहकारी संस्था उभी केली होती. ज्याला आजवर कमी मिळालं त्याला आधी, हा वरून आलेला नियम. म्हणून अध्यक्ष झाली मेंढरं राखणारी साखराबाई. ती खुर्चीवर बसून सभा चालवते का, हे बघायला पुण्याच्या मोठ्या मॅडम येणार होत्या. गहिनीनाथनं महिनाभर शाळेच्या खोलीत तिच्याकडून बसायचा सराव करून घेतला. बाई अशी ऐटीत बसायची की हाच उभ्याउभ्या घाबरायचा.

सभा शाळेच्या अंगणात भरली, मॅडम आल्या. साखराबाई खुर्चीत बसते न बसते तोच तिचा सासरा तात्याबा कडुलिंबाखाली येऊन टेकला. सासऱ्यापुढं सून उंचावर बसलेली त्या वाडीनं कधी बघितली नव्हती. साखराबाईनं पदर ओढला आणि थेट जमिनीवर आली. म्हाताऱ्याला आवतण कुणी धाडलं होतं? गहिनीनाथनंच, गर्दी दिसावी म्हणून.

नोकरी डोळ्यांदेखत चालली. त्यानं भराभर सगळ्या खुर्च्या उचलून बाजूला सारल्या, मातीत मांडी ठोकली आणि म्हणाला, "मॅडम, आमच्यात कुणी वर न्हाई, कुणी खाली न्हाई. खुर्चीची भानगडच ठिवली न्हाई आमी."

मॅडमना गहिवरून आलं. इस्त्रीच्या साडीसकट त्याही खाली बसल्या. गहिनीनाथ कायम झाला, आणि आठवड्यात हुकूम निघाला की संस्थेच्या सगळ्या कचेऱ्यांतून खुर्च्या काढा. साठ माणसं सतरंजीवर आली. गहिनीनाथची कंबर मोटारसायकलनं आधीच खाल्लेली. उठताना भिंत धरायचा आणि आपल्याच हुशारीला शिव्या घालायचा.

जूनमध्ये साखराबाई चाऱ्याच्या कागदांवर सही करायला एसटीनं बीडला आली. उंबऱ्यात थांबून तिनं सगळी सतरंजी न्याहाळली.

"भाऊ, हितं मामंजी न्हाईत. म्हणून मुद्दाम आलेय. माझी खुर्ची कुठं हाय?"

गहिनीनाथ भिंत धरून उठला. कंबर धरून तो शेजारच्या हॉटेलात गेला, प्लास्टिकची खुर्ची उसनी घेतली आणि साठ जणांच्या मधून वाट काढत आणली. साखराबाई बसली, पदर नीट केला, हात पुढं केला. कागद दोनच होते. बाईनं तास लावला, आणि गहिनीनाथ खाली बसून कागद धरून राहिला.