आमचा खानदानी पिवळा रंग

आधी चहा ओतून घ्या. बिस्किट बुडवायचं असेल तर आत्ताच बुडवा, नंतर ठसका लागला तर मी जबाबदार नाही. माझं विमान जमिनीवरून उठायच्या आधीच कसं आपटलं ते सांगते. आणि आपटवलं कुणी? दुसरं कोण असणार, मीच!

मला पायलट व्हायचं होतं. आटगावजवळच्या आमच्या गावात विमान हे मान वर करून बघायचं आणि मग पुन्हा कामाला लागायचं, एवढाच त्याच्याशी संबंध. पण बारावीला फिजिक्स-मॅथ्स सुटलं आणि मी जाहीर केलं, मी विमान चालवणार! त्या दिवसापासून गावाला फुकट शिकवणी सुरू. दळणाच्या गिरणीत, पाण्याच्या टाकीपाशी, कुणी विचारो न विचारो.

"पहिली मेडिकल. मग पेपर. हवामानाचा, दिशा काढायचा, नियमांचा. मग दोनशे तास उडायचं, तेव्हा कुठं कमर्शियल लायसन्स मिळतं."

"एवढा उपद्व्याप?" आत्या म्हणाली. "रिक्षाच्या लायसनला असतो तसा एजंट नाय का गो यात?"

"आत्या, पायलटला शिस्त लागते! झोप, जेवण, कान, डोळे, सगळं काटेकोर."

ही शिस्त लक्षात ठेवा बरं का. पुढं तिचे धिंडवडे निघणार आहेत.

फ्लाइंग स्कूलनं सांगितलं होतं, मेडिकल पास होऊन या, मग या बॅचमधली जागा तुमची. ही तपासणी कुठलाही डॉक्टर करत नाही. विमान खात्यानं नेमून दिलेले ठरावीकच असतात. ठाण्यातल्या अशा एका डॉक्टरांची तारीख कशीबशी मिळाली. आणि तारीख कुठली? माझा चुलतभाऊ रोशन, त्याच्या लग्नाच्या दिवशीची! म्हणजे आदल्या संध्याकाळी हळद, सकाळी मेडिकल आणि गोरज मुहूर्ताला परत मांडवात.

मी ठरवलं, हळदीला जायचं, नवऱ्यामुलाला बोट लावायचं आणि घरी येऊन झोपायचं. पायलट ना मी!

पण मी करवली. आमच्याकडं करवली नाचली नाही तर नवऱ्याची बाजू पडते. आधी आत्यानं मला खांद्यापर्यंत हळद फासली, मग कुणीतरी भिंतीएवढ्या स्पीकरसमोर ढकललं, आणि पुढचं मला विचारू नका. शेवटी शेवटी तर इतर सगळी दमून बसली होती आणि मी एकटीच स्पीकरसमोर पाय आपटत होते. शिस्तीत.

सकाळी साबणानं घासघासून अंघोळ केली. हळद जाते कुठली! उलट घासल्यानं आणखी चकाकी आली. बाबा सोबत होते. बाबा भातसानगरला धरणावर कामाला आहेत, साधा माणूस. तेही कानाच्या पाळीपर्यंत पिवळे.

दवाखान्याच्या दारात मी त्यांना बजावलं, "बाबा, हळदीचं नाव काढू नका. गावठी वाटतं. मी सांगीन त्याला नुसतं हो म्हणा."

"बरं," बाबा म्हणाले. बाबा लेकीला नाही म्हणत नाहीत, तिथंच सगळा घोळ झाला.

डॉक्टरांनी माझे दोन्ही हात हातात घेऊन उलटेपालटे केले. मनगट चोळून पाहिलं. पापण्या ओढून डोळे बघितले. डोळे पांढरे. पुन्हा हात बघितले. हात पिवळे.

"हा रंग कधीपासून आहे? कावीळ तर नाही?"

आता सरळ 'हळद' म्हणायला काय झालं होतं? दोन अक्षरी... नाही, तीन अक्षरी शब्द! पण भावी पायलटच्या तोंडून हळद, मांडव, डीजे? छे!

"लहानपणापासून, डॉक्टर. आमच्या घरात सगळ्यांचा असाच आहे."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, पटलं. मग त्यांनी मला कानाच्या तपासणीला बसवलं. बंद खोक्यासारखी खोली, कानाला हेडफोन, हातात बटण. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. माझ्या कानात तर कालची हळद अजून चालूच होती! त्यातला कुठला आवाज मशीनचा आणि कुठला डीजेचा, कसं कळणार? मी आपली दाबत सुटले.

डॉक्टरांनी दार उघडलं. "काय करताय? मी अजून मशीन सुरूच केलं नाही."

मी बटणावरचं बोट घाईघाईनं काढलं.

"पण दाबत होतात मात्र अगदी तालात," ते म्हणाले.

मग मशीन सुरू केलं तर मला काहीच ऐकू येईना.

"काल मोठ्या आवाजाच्या जवळ होतात का?"

"नाही डॉक्टर. आमच्याकडं फार शांतता असते."

एक खोटं सांभाळायला दुसरं खोटं बोलावं लागतं, ते असं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आता काळजी दिसायला लागली. घरात पिवळेपणा, त्यात कानानं कमी! त्यांनी बाबांना आत बोलावलं, आणि बाबांना बघून ते खुर्चीतून अर्धे उठले.

"तुमचाही रंग असाच?"

"हां साहेब. आमची सगळी अशीच."

"सगळी म्हणजे घरातली?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी 'पुरे' म्हणून मान हलवली. बाबांना वाटलं, अजून जोरात सांगायचं.

"अख्खा गाव, साहेब!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पाणी कुठलं पिता तुम्ही लोक?"

झालं! पाणी हा बाबांचा आवडता विषय. त्यांची छाती फुगली. "भातसाचं! मी सोता धरणावर हाय ना. तुमच्या नळाला येतं ना, तेच!"

डॉक्टरांनी नुकताच पाण्याचा ग्लास तोंडाला लावला होता. तो त्यांनी अलगद खाली ठेवला.

आता तुम्हाला म्हणून सांगते, ही बाबांची शुद्ध थाप. धरण उशाला, कोरड घशाला! भातसाचं पाणी जातं मुंबई-ठाण्याला, आणि आमचा गाव उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट बघतो. लग्नालाही टँकरच मागवला होता. पण साहेबासमोर धरणाची इज्जत राखायला नको?

डॉक्टरांनी डोकं धरलं, कपाळ चोळलं. त्याच हातांनी, ज्यांनी माझं मनगट चोळलं होतं. कपाळावर पिवळा पट्टा उमटला. बाबांना राहवलं नाही.

"साहेब, आता तुमी पण आमच्यातलेच झालात!"

डॉक्टरांनी बेसिनवरच्या आरशात पाहिलं आणि पट्टा सोडून बाकीचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी सावकाश बोटं नाकाशी नेली.

"हळद?"

मी खाली बघितलं.

"कुणाची?"

"चुलतभावाची."

मला वाटलं हसतील. हसले नाहीत. "हे बघा, पायलट काय झालं ते खरं सांगतो, म्हणून मागं बसलेली माणसं जिवंत उतरतात. कान चार दिवसांत मोकळा होईल. पण विचारलेलं लपवणाऱ्याला मी वर कसा पाठवू?"

मला तिथंच रडू फुटलं. विमान, बॅच, गिरणीतली भाषणं, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. बाबा बिचारे म्हणाले, "साहेब, पोर खोटारडी नाय. जरा शायनिंग मारते एवढंच."

"तात्पुरती अनफिट," डॉक्टर म्हणाले. "कानाला आराम द्या, तीन आठवड्यांनी या. आणि पुढच्या वेळी जे असेल ते आल्या आल्या सांगायचं." बॅच सुरू व्हायला तेवढा वेळ होता. जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी मांडवात मी कानात कापूस कोंबून उभी. आत्यानं विचारलं, "पास झालीस का गो?" मला धड ऐकू आलं नाही, मी नुसती मान हलवली, तिला वाटलं पास झाले. तिनं लगेच सगळ्या मांडवात पेढे वाटायला लावले.

तीन आठवडे मी खरंच शिस्तीत राहिले. मधे मुरबाडला मावशीकडं हळद होती. तिथं स्पीकरपासून लांब बसले. अंगालाही फक्त बोट लावू दिलं. जेवण जात नव्हतं, अंग गळून गेलं होतं, पण ते टेन्शननं असणार.

दवाखान्यात शिरल्या शिरल्या मी हात जोडले. "डॉक्टर, आधीच सांगते! पिवळी दिसतेय ना, ती हळद आहे. मुरबाडची. मावसबहिणीची. काही लपवत नाही!"

आता डॉक्टर मोठ्यानं हसले. "शाब्बास! असं खरं बोलायचं." कानाची तपासणी केली. कान खणखणीत! मग डोळे तपासायला त्यांनी माझी पापणी ओढली आणि त्यांचं हसू थांबलं.

"डोळ्यांत पण हळद लावता का तुमच्याकडं?"

कावीळ! खरीखुरी, बिनहळदीची! लग्नातलं टँकरचं पाणी. पुढं निम्मं वऱ्हाड आडवं झालं.

"म्हणजे पहिल्या वेळी मी चुकलो नव्हतो," डॉक्टर म्हणाले, "फक्त लवकर बोललो."

बॅच गेली. मी घरी ताकभात खात पडले, आणि आत्यानं फर्मान काढलं, कावीळ उतरेपर्यंत हिच्या भाजीत चिमूटभरसुद्धा हळद घालायची नाही.

पावसाळा संपता संपता तिसऱ्यांदा गेले, पुढच्या बॅचसाठी. रक्त ठीक, कान ठीक, डोळे पांढरेशुभ्र. डॉक्टरांनी माझा हात उजेडात धरला, निरखून पाहिला, आणि मुद्दामच विचारलं,

"आणि आता हा रंग कुठला म्हणायचा?"

"सावळा, डॉक्टर," मी म्हणाले. "आमच्या घरात सगळ्यांचा असाच आहे."

आयुष्यात पहिल्यांदा त्या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आणि डॉक्टरांनी काय करावं? दार उघडून बाबांना आत बोलावलं, खात्री करायला!