पिवळी गाडी आणि मेश्रामांचा उंचवटा

रतन मेश्रामांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा सोसायटीत दोन मतं पडली. एक मत असं, की या वयात माणसाला काहीतरी होतंच. काहींना साखर होते, मेश्रामांना गाडी झाली. दुसरं मत सोसायटीच्या अध्यक्षा पद्मजाताई केतकरांचं. त्या गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून म्हणाल्या, "रंग पिवळाधमक घेतलात ते बरं केलंत. लांबून दिसेल. माणसांना वेळेवर बाजूला होता येईल."

गाडी तशी एका हौशी माणसाने वापरून सोडलेली होती, पण मेश्रामांना ती नवीच. साकोलीकडचा हा माणूस. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे संगणक गोंधळणार, अशी घाबरगुंडी उडाली होती. त्या घाबरगुंडीत नोकरी लागून पुण्याला आलेल्या पिढीतला. संगणक काही गोंधळले नाहीत, आणि मेश्राम मात्र पुण्यातच राहिले. खराडीच्या एका कंपनीत चढत चढत बरेच वर गेले, मांजरीच्या बाजूला, जिथे पूर्वी ऊस होता तिथे, फ्लॅट घेतला, घरच्यांसाठी चार दारांची शहाणी गाडी घेतली. आणि मग एक दिवस ही दोन दारांची, दोन माणसांची, जमिनीला चिकटलेली.

पहिली अडचण आत शिरण्याची. इतर गाड्यांत माणूस बसतो. हिच्यात उतरावं लागतं, आणि उतरायचं झालं की चढावं लागतं. आठवडाभराच्या सरावानंतर मेश्रामांना क्रम सापडला: आधी बूड, मग डोकं, मग एकेक पाय हाताने उचलून आत. बाहेर येण्याचा क्रम काही सापडला नाही. पहिल्याच दिवशी ऑफिसच्या पार्किंगमध्ये ते एक हात जमिनीवर टेकून बाहेर येत होते, तर साहेब पडले असं समजून सिक्युरिटीवाला पाण्याची बाटली घेऊन धावत आला. मेश्रामांनी ते पाणी पिऊन टाकलं. खुलासा करण्यापेक्षा ते सोपं होतं.

दुसरी अडचण उंचीची. सिग्नलला गाडी थांबली की शेजारच्या बसच्या चाकाचे नट बरोबर डोळ्यांसमोर येत आणि पुढच्या रिक्षाचा धूर थेट नाकाशी. एकदा तोंडाला ओढणी बांधलेल्या स्कूटरवरच्या मुलीने वाकून काचेवर टकटक केली आणि काळजीने विचारलं, "काका, आर यू ओके?" मॉलच्या पार्किंगमधलं तिकिटाचं यंत्र हाताला येईना. दार उघडावं तर ते यंत्रावर आपटणार. शेवटी मेश्राम गाडी मागे घेऊन खाली उतरले, म्हणजे वर चढले, आणि चालत जाऊन तिकीट घेऊन आले. मागच्या गाड्यांनी त्यांचं हॉर्न वाजवून कौतुक केलं.

वेगाचं म्हणाल, तर मांजरीच्या रस्त्यावर हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात. ट्रॉलीमागून पिवळी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत चालायची आणि बाजूने सायकली पुढे निघून जायच्या. सहावा गिअर मेश्रामांनी टाकून पाहिला होता, पण गाडी उभी असताना.

बायको शर्मिला सगळं बघत होती आणि फारसं बोलत नव्हती. एका रविवारी ती खाली येऊन पाहते, तर तिच्या सीटवर दळणाचा डबा बसलेला, वर बेल्ट लावलेला.

"डिकीत मावत नाही," मेश्राम म्हणाले.

"असू दे की. बेल्ट नीट लावलाय ना? मी रिक्षाने येते."

या सगळ्यावर मेश्रामांचा इलाज होता: प्रेम. प्रेम केलं की अडचणींना गंमत म्हणता येतं. पण एका अडचणीला गंमत म्हणता येत नव्हतं, आणि ती सोसायटीच्या फाटकाच्या आत, रस्त्यावर आडवी पसरलेली होती.

ती त्यांनी स्वतःच घातली होती.

दोन वर्षांपूर्वी मेश्राम सोसायटीचे सेक्रेटरी होते. कॉलेजची पोरं बाइक सुसाट आत आणायची आणि तिथेच लहान मुलं खेळायची. मेश्रामांनी सभेत स्पीडब्रेकर मंजूर करून घेतला, आणि कामाच्या दिवशी जातीने उभे राहिले. डांबरवाला म्हणाला, "साहेब, पुरे." हे म्हणाले, "अजून टाक." तो परत म्हणाला, "साहेब, पुरे." हे म्हणाले, "लोकांना कळलं पाहिजे." लोकांना कळलं. शहाण्या गाड्यासुद्धा तिथे आल्या की देवळात शिरल्यासारख्या हळू होऊ लागल्या. सोसायटीने त्या कामाला त्यांचंच नाव दिलं: मेश्रामांचा उंचवटा.

पिवळ्या गाडीत मेश्राम एकटे असले आणि गाडी तिरकी घेतली, तर पोट न घासता ती पलीकडे जायची. शेजारी कोणी बसलं, की खालून दाताखाली खडा आल्यासारखा आवाज. वॉचमन शंभू दर वेळी रस्त्यावर आडवा होऊन खाली बघायचा.

"घ्या साहेब. घ्या, घ्या. अजून जरा... लागली. मॅडम, उतरता का?"

शर्मिला उतरायची, साडी सावरत उंचवटा चालून ओलांडायची आणि पलीकडे परत गाडीत शिरायची. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा ती म्हणाली, "अहो, लग्नाच्या वेळी तुम्ही सांगितलं होतंत, प्रत्येक अडथळ्यात बरोबर राहू म्हणून. हा एकच अडथळा होता, तोही तुम्ही एकट्यानेच ओलांडलात."

तरीही निभत होतं. मग सुंदराबाई आल्या.

सुंदराबाई म्हणजे मेश्रामांच्या आई. हिवाळ्यात साकोलीहून लेकाकडे यायच्या. यंदा एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. हातात काठी होती आणि फाटकापर्यंतचा चढ डॉक्टरांनी बंद केला होता. त्यांनी गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली. मग म्हणाल्या, "काऊन रे रतन, बाकीची अर्धी कुठी ठेवली?"

"एवढीच असते, माय. तुले घेऊन जातो ना एक दिवस. खडकवासल्याले. धरण पाहू, कणीस खाऊ."

"बसली तं मंग उठवन कोन मले?"

"मी उठवतो."

"मंग चाल. पन एकडावच बसन. मधात उतर-चढ नाही होत मले."

शर्मिलाने लगेच तोड काढली. आईंना मोठ्या गाडीने फाटकाबाहेर न्यायचं आणि तिथून पिवळीत बसवायचं.

"आई काय पार्सल आहे, या गाडीतून त्या गाडीत द्यायला?" मेश्राम एवढे तडकून बोलले, की ते त्यांनाच चमत्कारिक वाटलं. मग जरा वेळाने हळू आवाजात म्हणाले, "दारातूनच बसवायचं आहे."

शर्मिलाने मोठ्या गाडीची किल्ली परत खुंटीला अडकवली. तिला माहीत होतं. साकोलीजवळच्या त्यांच्या गावात साहेबांची जीप यायची ती चावडीपर्यंत. मग पाटलाच्या वाड्यापर्यंत. त्यापुढे त्यांची वस्ती, आणि वस्तीच्या अलीकडे रस्ता संपायचा. रस्त्याला तिथे संपायला तसं काही कारण नव्हतं. तो संपवलेला होता. रतनच्या धाकट्या बहिणीच्या वेळी सुंदराबाईंना कळा सुरू झाल्या, तर दवाखान्याची गाडी चावडीशी उभी राहिली आणि त्या तिथवर चालत गेल्या. रतन बरोबर चालत होता, आईची पिशवी घेऊन. ही हकिकत सुंदराबाई कधी सांगत नसत. मेश्रामांनीही ती एकदाच सांगितली होती, शर्मिलाला.

म्हणून त्या रविवारी सोसायटीच्या सभेत, पार्किंगमध्ये मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवरून मेश्राम उठले आणि घसा खाकरून म्हणाले, "स्पीडब्रेकरची उंची थोडी कमी करावी, अशी माझी सूचना आहे."

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. मग मागून कोणीतरी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो फसला.

पद्मजाताईंनी चष्मा पुसला. "मेश्राम, याच जागी उभं राहून आपण काय म्हणाला होतात, ते मला तोंडपाठ आहे. 'ज्यांच्या गाडीला त्रास होईल, त्यांनी गाडी बदलावी.' टाळ्यासुद्धा मिळाल्या होत्या. मी स्वतः वाजवल्या होत्या."

"हो. चुकलं माझं."

"चुकलं कुठे? मुलं आता सुखाने खेळतात. आपण केलेलं एवढं एकच काम टिकलंय. आणि तेच आपण खोदायला निघालात, कशासाठी, तर गाडीच्या पोटाला खरचटतं म्हणून?"

खरं सांगितलं असतं तर सभा तिथेच विरघळली असती, हे मेश्रामांना कळत होतं. पण आईच्या नावावर डांबर उकरून घ्यायचं त्यांच्या जिवावर आलं. "असू द्या, सूचना मागे घेतो," म्हणून ते खाली बसले.

तेवढ्यात शर्मिला उठली. "आईंना त्यात बसायचंय. त्यांना मध्ये उतरता येत नाही, आणि यांना त्यांना दारातून न्यायचंय. बस, एवढंच." जास्त काही सांगितलं नाही, आणि बसली.

पद्मजाताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मेश्राम, हे तुम्हाला मराठीत सांगता येत नव्हतं का?" आपण जाऊन तुम्ही आलं, म्हणजे राग गेला, हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. "स्पीडब्रेकर एक इंच कमी होणार नाही. मुलं आधी. शंभू, गणपतीच्या स्टेजच्या फळ्या कुठे आहेत?"

"जिन्याखाली आहेत, बाई."

"काढ."

पुढचा अर्धा तास सोसायटीची सर्वसाधारण सभा उंचवट्याशी भरली. दोन्ही बाजूंनी फळ्या तिरक्या टेकवून लांबलचक उतार केला गेला. तीन सॉफ्टवेअर इंजिनिअर कोनावरून भांडले आणि शंभूने तोवर खाली विटा लावून टाकल्या. पद्मजाताई एका फळीवर स्वतः उभ्या राहून, हलते का ते बघत होत्या.

मेश्रामांनी गाडी जिन्याच्या अगदी पायरीशी लावली. सुंदराबाई नवं लुगडं नेसून आल्या. आधी बूड, मग डोकं, मग शर्मिलाने हळूच एकेक पाय आत ठेवला, काठी मध्ये उभी केली. त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. सगळी सोसायटी फळ्या धरून उभी.

"हे लोकं काय करून रायले?"

"तुझ्यासाठी रस्ता करून रायले, माय," मेश्राम म्हणाले आणि लगेच आरशात काहीतरी बघू लागले.

गाडी फळ्यांवर चढली, करकरली, क्षणभर वर थांबली, आणि काही न घासता पलीकडे उतरली. शंभू आडवा होऊन बघतच होता. "नाही लागली," तो म्हणाला, जरा निराश होऊन.

खडकवासल्याला एक नवीनच अडचण निघाली. गाडी इतकी खाली होती, की सीटवरून पाणी दिसेना. दिसत होता तो फक्त रस्त्याकडेचा कठडा. मेश्राम कासावीस झाले. "थांब माय, उतरवतो तुले."

"राहू दे. भिंतही चांगली बांधली हाये. तू कणीस आन."

ते कणीस आणायला गेले. परत आले तेव्हा गाडीभोवती पाच-सहा जण जमले होते, आणि एक चष्मेवाले गृहस्थ वाकून खिडकीत विचारत होते, "आजी, पिकअप कसा आहे हो हिचा?"

"ते मले नाही समजत, बाप्पा," सुंदराबाई म्हणाल्या. "पन दारात येते."