व्यसनाच्या रकान्यात मी काय लिहिलं

गेल्या महिन्यात साताऱ्याला होतो. माझे मोठे मेव्हणे, अण्णा, यांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. पाटणच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव, आदल्या संध्याकाळी त्यांना ॲडमिट केलं. हॉस्पिटलचा फॉर्म आला आणि सगळ्यांनी तो माझ्याकडे सरकवला... फॉर्म भरायचा म्हटलं की आमच्याकडे पेन माझ्याच हातात येतं.

त्याला कारण आहे. सांगलीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दहावीनंतर शाळा सुटली, आणि वाइंडिंगही मी कुणाच्या हाताखाली शिकलेलो नाही. जळालेल्या मोटारी उघडून, तारेचे वेढे एकेक मोजून शिकलो. वाचनाचंही तसंच. जे बोलायचं ते आधी स्वतः वाचायचं, ऐकीव नाही.

गांजा कायदेशीर करावा की नाही, यावर आमच्या चहाच्या टपरीवर कायम वाद चालतो. बाकीचे मोबाईलवर आलेलं बोलतात. मी कायदा आणून वाचला. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे... नुसती पानं आणि बिया, शेंडे सोबत नसतील तर, त्या व्याख्येत येत नाहीत. हे टपरीवर मी सोडून एकालाही माहीत नव्हतं. माझं मत स्पष्ट आहे : गांजा औषधी आहे, निरुपद्रवी आहे, डॉक्टरच्या देखरेखीखाली खुला करावा, लपवाछपवीनंच जास्त नुकसान होतं. हे मी इतक्या वेळा बोललोय की टपरीवाला ते वाक्य माझ्या आधी म्हणतो.

तर फॉर्म. नाव, वय, साखर, बीपी, आधीची ऑपरेशनं, ॲलर्जी. सगळं तपशीलवार भरलं. गोळ्यांची नावं पाकिटावर बघून लिहिली, मिलिग्रॅमसकट. मग रकाना आला... व्यसन.

अण्णा दारूला शिवत नाहीत, तंबाखू नाही. पण दर सोमवारी गावच्या महादेवाच्या देवळात भजन असतं आणि भजनात गांजाची चिलीम फिरते. तीस वर्षं मी हे बघतोय. त्याला तिथं कुणी व्यसन म्हणत नाही.

मी लिहिलं, "नाही." खाली सही केली.

सकाळी नऊचं ऑपरेशन. आठ वाजता भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम आल्या, वयानं माझ्या पुतणीएवढ्या. त्यांनी अण्णांची नाडी बघितली. जोरात चालली होती. पाच मिनिटांनी परत बघितली, तेवढीच. सिस्टर म्हणाली, आजोबा घाबरलेत. मॅडमनी फॉर्म उघडला, माझ्या अक्षरावरून बोट फिरवत त्या रकान्यापाशी आल्या आणि अण्णांना विचारलं, "कसलंच व्यसन नाही ना, आजोबा?"

"न्हाई बा," अण्णा म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. खोटं मी लिहिलं होतं.

त्या फॉर्म मिटायला लागल्या. मला त्या क्षणी काय आठवावं? माझं गिऱ्हाईक. रोज कुणीतरी जळालेली मोटार घेऊन येतो आणि म्हणतो, "आपोआप जळाली." मी ओरडतो, "पाण्याशिवाय कोरडी चालवलीस ना? खरं सांग, नाहीतर दुरुस्त करून परत जळेल." ...इथं तर माणूस होता टेबलावर जाणारा.

"मॅडम, ते मी चुकीचं लिहिलंय," मी म्हणालो. "ते गांजा ओढतात. फक्त सोमवारी. म्हणजे शेवटचा चार दिवसांपूर्वी."

अण्णा उठून बसले. "आवं दाजी, त्ये व्यसन कसलं? द्येवाचं हाय त्ये! आन चार दिस कुठलं... आज पाटं घेतली की."

"आज?"

"मागं पाण्याच्या टाकीपाशी. भ्या वाटत हुतं. कायबी खायाचं न्हाई, प्यायाचं न्हाई म्हनलं हुतं. म्या घोटभर पानीबी घेतलं न्हाई. चिलीम उपासाला चालती!"

सिस्टर हसली. मॅडम हसल्या नाहीत. मी लगेच विचारलं, पोलिसांना कळवावं लागतं का? इतकी कलमं वाचली, पण हे मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "कायद्याचं मला विचारू नका काका. मला फक्त किती आणि कधी, एवढं सांगा. याने नाडी वाढते, भुलीच्या औषधाचा हिशोब चुकतो. हृदयावर ताण येतो. आज मी भूल देणार नाही."

ऑपरेशन पुढं ढकललं. तोवर चिलीम बंद. बाहेर आल्यावर आमच्या सौ. एवढंच म्हणाल्या, "कलमं तोंडपाठ, आणि माझ्या भावाचा एक रकाना नीट भरता आला नाही."

टपरीवर हे सगळं सांगितलं. एकानं विचारलं, मग आता मत बदललं का? नाही बदललं. कायदेशीर असतं तर मी कदाचित खरं लिहिलं असतं... कदाचित म्हणतोय, कारण दारू कायदेशीरच आहे आणि त्या रकान्यात तीही कुणी लिहीत नाही. पण "औषधी आहे, निरुपद्रवी आहे" असं सरसकट आता मी बोलत नाही. कुणाला, किती, कधी... हे आधी विचारतो.

पंधरा दिवसांनी परत गेलो. नवा फॉर्म, पेन माझ्याच हातात. व्यसनाच्या रकान्यापाशी मी थांबलो तर अण्णाच म्हणाले, "ल्हिवा दाजी. गांजा. तीस वर्सं. पंधरा दिस झालं, बंद हाय."

मी लिहायला लागलो, "देवळात, भजनाच्या वेळी..."

"आवं, त्ये खोडा. ओढली म्या. द्येवाला कशाला अडकिवताय?"

खोडलं. नाडी नीट होती, ऑपरेशन व्यवस्थित झालं. अण्णा घरी आहेत, परड्यापर्यंत फिरून येतात. त्या दिवशी माझ्या सुबक अक्षरावर न विसंबता दोनदा नाडी बघून अण्णांना परत विचारणाऱ्या त्या मॅडमचे मनापासून आभार.