बोटं झटकून दिलेली परवानगी

फौजदार म्हणून निवृत्त झाल्यापासून मी सोलापुरात एकच उद्योग करतो. खातेनिहाय चौकशीत अडकलेल्या पोलिसांची बाजू मांडतो. साहेब लोकांना मी डोळ्यांसमोर नको असतो, आणि मलाही ते. फिट्टंफाट.

या वेळी एक महिला शिपाई होत्या. अक्कलकोटच्या बंदोबस्तावरून परवानगी न घेता गेल्या, असा आरोप. घरी लेकराला तापात झटके आले होते. आता बडतर्फीची टांगती तलवार, आणि घरात कमावत्या त्या एकट्याच.

"इचारलं व्हतं की मी साहेबास्नी," त्या म्हणाल्या. "त्येंनी हात हलवला. मी गेले."

खात्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. साहेब 'जा' म्हणत नाहीत, माशी हाकलल्यासारखी बोटं झटकतात. सगळं सुरळीत पार पडलं तर ती परवानगी. अंगाशी आलं तर साहेब माशीच हाकलत होते.

बाईंचे ते साहेब, बंदोबस्तावरचे इन्स्पेक्टर, चौकशीत साक्षीला आले. गणवेशाला कडक इस्त्री. "मी परवानगी दिलीच नाही. देतो तेव्हा तोंडानं, स्पष्ट देतो." धडधडीत खोटं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौकशी अधिकारी त्यांच्याच पंगतीतला, मान डोलावत लिहून घेत होता.

तेवढ्यात इन्स्पेक्टरांचा ड्रायव्हर दारात आला. "सर, गाडी सावलीला लावू का?"

त्याच्याकडे न बघताच इन्स्पेक्टरांनी बोटं झटकली. ड्रायव्हर गेला.

"तो कुठे गेला, साहेब?" मी विचारलं.

"गाडी लावायला."

"तुम्ही तोंडानं काय म्हणालात?"

त्यांचा चेहरा उतरला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मी चौकशी अधिकाऱ्याला म्हणालो, "हे लिहून घ्या."

"हात हलवल्याचं काय लिहायचं?" तो खेकसला.

मी आवाज चढवला, त्यानंही चढवला. बऱ्याच भांडणानंतर त्यानं ती ओळ लिहिली. बाईंची नोकरी पुढे वाचली ती त्या ओळीवरच.

त्या दिवशी मात्र, निकाल नंतर कळवू, म्हणत त्यानं कागद आवरायला घेतले. बाईंनी सॅल्यूट ठोकला.

"सर, जाऊ का?"

त्यानं खाली बघतच बोटं झटकली.

बाई जागच्या हलल्या नाहीत. "तोंडानं सांगा, सर."

त्याला मान वर करावीच लागली. "जा," तो म्हणाला, आणि तेही मी लिहून घ्यायला लावलं.